मामाच्या साडीवर ज्वालामुखी

शहापूर, बेळगाव

तीर्थस्वरूप अक्काताईस,

धाकट्या शामूचा दंडवत. तुझ्या गुडघ्याची सूज आणि दाजींचा राग, दोन्ही सध्या उतरली असतील असं धरून चालतो. तुझ्या अनुराधाच्या लग्नातली मामाची पिवळी साडी मी स्वतः माझ्या मागावर विणतोय. निम्मी झाली आहे, आणि लग्नाआधी निपाणीत नक्की पोचेल. (पोचेल हे खरं. पुढचं बसून वाच.)

तर आमच्या राणीला शाळेच्या प्रदर्शनासाठी ज्वालामुखी करायचा होता. पोर सहावीतली, पण आधी तिनं मलाच तासभर शिकवलं. जमिनीच्या खूप खाली इतकी उष्णता असते म्हणे, की दगडसुद्धा वितळतो. हा वितळलेला दगड भोवतालच्या घट्ट दगडापेक्षा हलका, म्हणून वर सरकत राहतो. त्यात वायू कोंडलेले असतात. भेग मिळाली की सगळं उसळून बाहेर येतं, त्याला लाव्हा म्हणायचं. तो थिजतो, थरावर थर बसतो आणि डोंगर तयार होतो. मी विचारलं, मग काही डोंगर नुसते वाहतात आणि काही फुटतात, ते का? तर म्हणाली, "आप्पा, लाव्हा लई चिकट असला न्हायतर तोंड बुजलं, की वायूला वाट मिळत न्हाय. मग जोरात फुटतंय." हे मी नको तितकं मनावर घेतलं.

मागाशेजारीच मातीचा डोंगर केला. पोटात बाटली, बाटलीत खायचा सोडा, वरून लाल केलेलं व्हिनेगर ओतायचं. राणी म्हणाली, कुंकू कालवा. आता तूच सांग अक्का, ज्या घरानं चार पिढ्या सुताला कच्चा रंग लावला नाही, त्या घरच्या पोरीचा लाव्हा पहिल्या धुण्यात उतरला तर शहापुरात तोंड कुठं दाखवायचं? मी सुताचा पक्का लाल रंग घातला. मग व्हिनेगर ओतलं आणि तोंड बुजल्यावर काय होतं ते बघावं म्हणून वर मातीचा बोळा दाबला. (राणी तेवढ्यात दाराबाहेर पळाली. अक्कल तिनं तिच्या आईची घेतली आहे.)

फुटलं गं! बोळा छताला आणि लाव्हा साडीला. राणी "व्हय आप्पा, अस्संच फुटतंय!" म्हणून टाळ्या पिटत होती आणि मला रडू येत होतं. ओल्या फडक्यानं पुसलं, लिंबू चोळलं, एक ठिपका जागचा हलला नाही. नवी साडी विणायला आता दिवस उरले नाहीत, आणि मामानं बाजारातली साडी द्यावी हे मला मरेपर्यंत सहन होणार नाही. रंग मात्र खरंच पक्का आहे.

तुझा लाजलेला भाऊ,
शामू

ता. क. निम्मी साडी ठिपक्यांची आणि निम्मी कोरी फार वाईट दिसली असती. म्हणून आता रोज हातभर विणलं की राणी आणि मी एकदा ज्वालामुखी करतो. हात चांगला बसला आहे. पदर तेवढा राहिलाय. त्यावर फोडू की नको, लगेच कळव.

आणखी एक. आपल्या आईला मी सांगितलंय, की हे ठिपके अनुराधानंच हट्टानं मागून घेतले. तेव्हा आईचा फोन यायच्या आत पोरीला तेवढा हट्ट करायला लाव.