हाडाची मास्तरीण

मी, खाली सही करणारी, शाळेत आयुष्यभर शास्त्र शिकवलेली आणि आता अंथरुणाला खिळलेली बाई, कोणाच्या धाकात नसताना व डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते की, माझ्या पश्चात खाली सांगितल्याप्रमाणे करावे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला आणि माझे किती दिवस उरलेत ते त्यांना विचारले. त्यांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि नर्सला हाक मारली.

कलम १. देहाविषयी.

माझा देह जाळू नये, पुरू नये. तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरशास्त्र विभागाला द्यावा. तिथल्या मुलांचे शिकून झाले की विभागाने हाडे साफ करून, तारेने जोडून, सांगाडा माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत उभा करण्यासाठी पाठवावा. विभागप्रमुखांशी माझे बोलणे झाले आहे. ते म्हणाले, "बाई, असं आजवर कुणी मागितलं नव्हतं." मी म्हटले, "मुलं मागतात. आमच्या प्लास्टिकच्या सांगाड्याला एका बाजूला बरगड्या कमी आहेत, आणि मोजणारं एखादं कार्टं दर वर्षी निघतंच."

इथे वकीलसाहेबांनी मला थांबवले. देह ही मालमत्ता नव्हे, त्यामुळे तो मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, जवळच्या नातेवाइकाची संमती लागते, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, "देह मालमत्ता नसतो, हे माझ्या लग्नात कुणी बोललं नाही." ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

जवळचा नातेवाईक एकच उरला आहे, माझा थोरला भाऊ. दादाने नाही म्हटले तर मला गुपचूप उचलून नेतील आणि संध्याकाळच्या आत सगळे आटोपेल. मेल्यावर मला भांडता येणार नाही. तेव्हा जे भांडण आहे ते याच कागदावर उरकून घेते.

निवृत्त झाले त्या दिवशी उठलेला प्रत्येक वक्ता मला हाडाची मास्तरीण म्हणाला. आता ते शब्दशः खरे करायची सोय होते आहे. कुणी आडवे येऊ नये.

कलम २. सांगाडा कसा ठेवावा.

काचेच्या कपाटात ठेवू नये. मुलांचा हात पोचला पाहिजे. कण्याच्या मणक्यांना भोके दिसतील, तो माझा आजार आहे. त्याला भिऊ नये, बोट घालून पाहावे. माझे दुखून झालेले असेल.

डावा हात नीट पाहावा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. त्यांतले करंगळीच्या बाजूचे हाड मधोमध जाड झालेले, किंचित वाकलेले दिसेल. तिथे ते मोडून पुन्हा जुळले आहे. त्याबद्दल तिथे चिठ्ठी, पाटी, तक्ता काही लावू नये. ज्याला विचारायचे तो विचारील. मात्र विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे, म्हणून ते इथे लिहिते. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, असे वकीलसाहेब सांगतात.

तो हात माझ्या नवऱ्याने मोडला. तो याच शाळेचा हेडमास्तर होता, आता हयात नाही. त्याच्या टेबलावर एक काळा लाकडी रूळ असे, वहीत रेघा मारायला आणि मुलांच्या हातांवर मारायला. संध्याकाळी तो रूळ त्याच्याबरोबर घरी येई.

दवाखान्यात मला दादाने नेले. डॉक्टरांनी विचारले, "कसं झालं?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "जिन्यावरून पडली." प्लास्टर वाळल्यावर त्याने मला पुन्हा नवऱ्याच्या दारात आणून सोडले. जाताना म्हणाला, "पायऱ्या बघून उतरत जा गं." हेडमास्तरांना मिळालेले घर तळमजल्यावर होते. त्याला जिना नव्हता. दादा तिथे शेकडो वेळा आलेला होता.

मीसुद्धा 'पडले' असेच सांगत राहिले. प्लास्टर निघायच्या आत सातवीला हाडांचा धडा आला. दुसरे चित्र नव्हते, म्हणून मी माझाच एक्स-रे वर्गाच्या खिडकीच्या काचेला चिकटवला. मुले खूश झाली, बाईंचे हाड बघायला मिळाले म्हणून. मी शिकवले की पडताना माणूस तळवा टेकतो, भार मनगटावर येतो आणि बहुतेक वेळा हाड तिथेच मोडते.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे 'कशावरून' म्हणत, कारण तिचे प्रत्येक वाक्य तिथूनच निघायचे. मासे झोपतात हे कशावरून, चंद्रावर हवा नाही हे कशावरून. इतर मास्तर तिला "खाली बस" म्हणून गप्प करायचे. ती उभी राहिली.

"बाई, तुम्ही पडलात हे कशावरून?"

वर्ग हसला.

"नाही म्हणजे, पडल्यावर मनगट मोडतं, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत. हे तर मधेच मोडलंय."

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने स्वतःचा डावा हात खाली टेकवल्यासारखा करून पाहिला. मग डोक्यावर नेला. मग तोंडासमोर आडवा धरला, मार चुकवताना धरतो तसा. आणि तशीच थांबली. हसणे बंद झाले. मागच्या बाकावरच्या दोघांनीही आपापले हात तसेच धरून पाहिले.

मी म्हटले, "बरोबर आहे. हात खाली घे."

त्या एका प्रश्नाने माझा जीव वाचला. हे मी कुठल्याच भाषणात बोलले नाही, कारण भाषणाला नवरा समोर हेडमास्तरांच्या खुर्चीत बसलेला असे. मला तेव्हा लाज वाटली, राग आला, आणि खूप मोकळे वाटले. त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही.

कलम ३. खोलीतल्या वस्तूंविषयी.

'कशावरून'ची आई इस्त्रीचे दुकान चालवायची. ती म्हणाली, "वर खोली आहे. खालून धग येते, उन्हाळ्यात भाजून निघाल. भाड्याचं मागाहून बघू." मी अंगावरच्या कपड्यांनिशी वर गेले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अख्खी सातवी जिना चढून आली. या घराला जिना आहे. एकाने चटई ठेवली, एकीने झाकण नसलेले पातेले, एकाने बादली, कुणी घोंगडी, कुणी दोन चमचे, तेही वेगवेगळे. एका पोराने घरातला चालू दिवा काढून आणला होता. म्हटले, "अरे, घरी अंधार झाला असेल." तो म्हणाला, "आमच्याकडे अजून एक आहे." नव्हता. पुढे कधीतरी कळले.

नवऱ्याला बातमी लागायला वेळ लागला नाही. त्याने वर्ग रांगेत उभा केला आणि कुणी काय दिले ते विचारले. कुणीही सांगितले नाही. मग त्याने रूळ उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मुले एकेक करून हात पुढे करत गेली. अर्ध्या रांगेत त्याचा हात दुखायला लागला. मी शेजारच्या वर्गात होते, मला आवाज ऐकू येत होता. मी दारात जाऊन उभी राहिले तेव्हा तो थांबला.

त्या दिवशी 'कशावरून' संध्याकाळी वर आली. तळवे सुजलेले होते, बोटे मिटत नव्हती. दप्तरातून तिने तो रूळ काढला. "सगळ्यांनी काहीतरी दिलं बाई, माझंच राहिलं होतं." हेडमास्तरांच्या टेबलावरून तिने तो कधी उचलला, मी विचारले नाही. त्याने दुसरा रूळ काही घेतला नाही. का, ते मला आजतागायत कळलेले नाही.

चटई केव्हाच विरली, बाकीचे बरेचसे शाबूत आहे. या सगळ्या वस्तू शाळेच्या मागच्या दाराजवळच्या कपाटात ठेवाव्यात. कपाटाला कुलूप नसावे. ज्या मुलाच्या घरी ज्या वस्तूची गरज असेल त्याने ती न्यावी, कुणाला सांगू नये, कुठे नोंद करू नये. दर वर्षी प्रत्येक वर्गाने त्यात भर घालावी. फाटके, फुटके, नको झालेले आणू नये, त्यासाठी केराचा डबा आहे. उद्या घरात लागणार आहे आणि तरी द्यावेसे वाटते, तेच आणावे.

हल्ली शाळेत मुलांना ओळीत उभे करून, हातात एकेक पाकीट देऊन, गरिबांना वाटताना त्यांचे फोटो काढतात. घेणाऱ्याचे तोंड कॅमेऱ्याकडे वळवतात. एकदा घेणारी आमच्याच सहावीतल्या मुलाची आई निघाली. तो मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. मी शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांना जाऊन बोलले तर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही." त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि माझ्या कपाटाजवळ कॅमेरा आणू देऊ नये.

कलम ४. दोन खोल्यांविषयी.

इस्त्रीच्या दुकानावरच्या या दोन खोल्या पुढे मी विकत घेतल्या. त्या शाळेला देते, दोन अटींवर. शुक्रवारचा शेवटचा तास, जो मी प्रश्नांसाठी मोकळा ठेवत असे आणि अध्यक्षांनी वेळ फुकट जातो म्हणून बंद केला, तो पुन्हा सुरू करावा. त्या तासाला मुलांनी वाटेल ते विचारावे, मास्तरांना येत नसेल तर येत नाही म्हणावे, आणि "खाली बस" हे दोन शब्द कुणी उच्चारू नयेत. दुसरी अट, खोल्यांपैकी एक कायम रिकामी, झाडलेली असावी, रातोरात घर सोडावे लागणाऱ्या बाईसाठी किंवा मुलासाठी. किल्ली 'कशावरून'कडे राहील. ती आता सामान वाहायचा टेम्पो चालवते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी वाद घालते. महाविद्यालयापर्यंत मला तिच्याच टेम्पोतून न्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी तीच.

शाळेने सांगाडा नाकारला तर हाडे महाविद्यालयातच राहावीत आणि दोन्ही खोल्या 'कशावरून'च्या मालकीच्या व्हाव्यात.

कलम ५. तसबिरीविषयी.

सभागृहात माझ्या नवऱ्याची तसबीर आहे, खाली 'आदर्श मुख्याध्यापक' असे लिहिलेले. ती काढावी असे मी म्हणत नाही. प्रयोगशाळेचे दार तिच्या बरोबर समोर आहे. रूळ माझ्या सांगाड्याच्या डाव्या हाताशेजारी खिळ्याला टांगावा.

कलम ६. दादाविषयी.

आईचे शिवणयंत्र आणि माझी बँकेतली सगळी शिल्लक माझ्या थोरल्या भावाला द्यावी, त्याने देहाच्या संमतीवर सही केली तर. न केल्यास हे सगळे कपाटासाठी वापरावे. ही लाच आहे, हे मला समजते.

पुरवणी.

वरचे लिहून झाल्यावर दादा येऊन गेला. त्याला काठीशिवाय चालता येत नाही, जिना चढायला फार वेळ लागला. मी कागद त्याच्या हातात दिला. तो वाचत होता तेव्हा वकीलसाहेब आणि 'कशावरून' दोघेही खोलीत होते.

दादा म्हणाला, "मेल्यावर तरी झाकून ठेव की गं. पोरंसोरं बोटं लावणार तुला."

"लावू देत."

"लोक माझ्या तोंडावर काय म्हणतील?"

मी त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट केले. त्याने ते एक्स-रेचे पान पुन्हा वाचले. 'कशावरून' त्याला काहीतरी बोलणार होती, मी तिला खुणेने थांबवले. मग दादाने माझा डावा हात उचलून मांडीवर घेतला आणि अंगठ्याने ते हाड चाचपून पाहिले. जाड झालेली जागा त्याला लगेच सापडली.

"फार दुखलं होतं का गं?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटले, "हो."

त्याने संमतीच्या कागदावर सही केली. मग म्हणाला, साक्षीदार म्हणूनही मीच सही करतो. वकीलसाहेबांनी समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, झाल्यास त्याचे मिळायचे ते जाते. दादा म्हणाला, "मग खोडा." म्हणून त्याच्यादेखत कलम ६ रद्द केले. शिवणयंत्र व शिल्लक कपाटाकडे जाईल. मी त्याला माफ केले आहे असे कुणी समजू नये. पण तो आला याचे बरे वाटले.

हे सर्व मी वाचून, समजून, उजव्या हाताने सही करून पुरे करते.

मुक्काम: इस्त्रीच्या दुकानावरची खोली.
दिनांक: आज, शुक्रवार, शाळेचा शेवटचा तास चालू असताना.

सही: सातवीच्या शास्त्राच्या बाई

साक्षीदार पहिला: वकील. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: बाईंचा थोरला भाऊ. सही माझ्यासमोर झाली. माझ्या बहिणीचा हात जिन्यावरून पडून मोडलेला नाही. हे मला दवाखान्यातही माहीत होते.