न तपासलेल्या पाण्याचा रंग

मिनिआपोलिस, ४ फेब्रुवारी

ती. अल्व्हिना आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत एक पोस्टर पाठवते आहे. ते शेगडी पेटवायला वापरू नकोस. मागच्या वर्षी काउंटीने पाण्याबद्दल काढलेल्या अकरा पानी पत्रकाचं तू तेच केलंस, म्हणून आधीच सांगते. त्यात तुझा दोष नव्हता. आकड्यांचे ते रकाने टाइप करणाऱ्या बाईखेरीज कुणी वाचले नसतील. आरोग्य कार्यालयाला हे उशिरा का होईना उमगलं आणि काम माझ्याकडे आलं.

बोअरच्या पाण्यात खतांचं नायट्रेट किती उतरलंय, ते आता एका नजरेत दिसतं. अख्ख्या काउंटीचे मैलामैलाचे चौकोन आणि निळ्याच्या पाच छटा. जितका फिका, तितकं पाणी चांगलं. दहाचा आकडा ओलांडला की ते पाणी तान्ह्या बाळाला घातक, म्हणून तसे चौकोन जवळजवळ काळे आहेत. कडेला जो हसरा थेंब आहे तो कार्यालयाच्या हट्टापायी काढला. त्याबद्दल तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. पण बाकीचं नीट बघ. आमच्या नकाशे-चित्रांच्या धंद्यातल्या लोकांच्या मेळाव्यात या पोस्टरला बक्षीस मिळालं.

ऑरिनला सांग, घरच्या शेताचा चौकोन बहिणीने स्वतःच्या हाताने रंगवला आहे. त्याच्या बायकोला, पेजला, आठवा महिना लागला ना? तिला जड उचलू देऊ नकोस, आणि तुझ्या हातचं ते वासमाऱ्या माशाचं ल्युटफिस्क खाऊ घालू नकोस. बाळाला अजून पळून जाता येत नाही.

लोभ असू दे तुझ्याजवळच, मला एक बरी ओळ पाठव.

तुझी,
मेरेते

*

नॉर्डाल, १५ फेब्रुवारी

चि. मेरेते हिस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझ्या थेंबाला पापण्या आहेत. मला एकाहत्तरावं चालू आहे, या वयात पाण्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावावा हे मला खपत नाही.

तरी पोस्टर जाळलं नाही. पास्टरबाईंनी ते चर्चच्या तळघरात कॉफीच्या पिंपाच्या वर लावलंय. रविवारी सगळे त्याच्यापुढे उभे राहून माना डोलवत होते. क्वामेबाई म्हणाल्या, अगदी असाच निळा त्यांना स्वयंपाकघराच्या पडद्यांना हवा आहे. दुसरीने विचारलं की हे काढणारी मुलगी आपल्या टोलेफ्सनांचीच का. पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तुझं काम इतकं सुबक आहे की ते कशाबद्दल आहे याचा लोकांना विसर पडला. याला बक्षीस देणारे लोक बोअरचं पाणी पितात का, ते विचार एकदा.

तुझ्या भावाने आपला चौकोन शोधला. तो सगळ्यात फिका निघाला. ऑरिनने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, बघ आत्या, उगाच कटकट करत होतीस. तपासणीसाठी आणलेली रिकामी बाटली शरद ऋतूपासून खिडकीत पडून होती, आता त्याने तिच्यात स्क्रू भरून ठेवलेत.

पण मला एक सांग. आमच्या बोअरचं पाणी तपासायला नेलं कुणी? या अंगणात परका माणूस आला तर कुत्र्याच्या आधी मला कळतं. बाटली घेऊन कुणीही आलेलं नाही. मग आमचा चौकोन तू कशाच्या आधारावर रंगवलास?

पेजचे पाय सुजलेत, बाकी ठीक. ल्युटफिस्क तिने स्वतः मागून खाल्लं.

माझा लोभ तुझ्या पाच छटांपैकी कुठल्या छटेत बसतो ते तूच ठरव.

अल्व्हिना आत्या

*

मिनिआपोलिस, २३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बरी ओळ मागितली होती, तू उलटतपासणी पाठवलीस.

जिथे तपासणी झालेली नाही त्या चौकोनांना रंगच नव्हता. ते पांढरेच ठेवले तर नकाशा उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसत होता. कार्यालयालाही तो तसा नको होता. म्हणून त्यांना सगळ्यात फिका निळा दिला, आणि तसं खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलंही आहे. अक्षर बारीक आहे, पण तुझ्याकडे चष्मे दोन आहेत. एकदा ते दोन्ही लावून बघ. चाळीस हजार माणसांसाठी काढलेल्या चित्रात प्रत्येकाच्या परसातली कुरबुर मावत नाही. तुम्हा लोकांना आकडे दिले तर वाचवत नाहीत आणि चित्र दिलं तर पटत नाही.

ऑरिनला म्हणावं, स्क्रू काढून बाटली भर. दहा मिनिटांचं काम आहे.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र लिही.

मेरेते

*

नॉर्डाल, १४ एप्रिल

चि. मेरेतेस,
आशीर्वाद.

फोनवर ऑरिनने तुला निम्मंच सांगितलं, उरलेलं मी लिहिते. बाळ, आपली सिग्ने, आता बरी आहे. काल तिने माझं बोट धरलं आणि सोडायला तयार नव्हती. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तुला वाचता येईल.

तुझं पत्र मी ऑरिनला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, ताईने एवढं छान काढलंय आणि तू कोपऱ्यातली टीप घेऊन बसलीस. तपासू, पेरणी होऊ दे. मग बाळ आलं. पेजचं दूध पुरेना, डॉक्टरांनी डब्यातली पावडर पाण्यात कालवून द्यायला सांगितली. तीन आठवड्यांची असताना पोरीचे ओठ राखेच्या रंगाचे झाले. पेजला वाटलं खिडकीतल्या उजेडाने तसे दिसतात. मी नखं बघितली, तीही तशीच. मोठ्या हॉस्पिटलला पोचायला पन्नास मिनिटं लागली. ऑरिन गाडी चालवत होता, मी मागे बसून पोरीचे श्वास मोजत होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, पाणी कुठलं?

आपल्या बोअरचं नायट्रेट एकतीस निघालं. ज्याला तू सगळ्यात फिका रंग दिलास, ते.

नखं बघताच मला पाण्याचा संशय आला होता, म्हणून वाटेतली पन्नास मिनिटं मी तुला मनात शिव्या दिल्या. तुझं बक्षीस, तुझ्या पापण्या, तुझा कुरतडलेला नकाशा, काही सोडलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं की पाणी उकळत होतात का. मी ताठ मानेने सांगितलं, हो, रोज सकाळी, चांगली पंधरा मिनिटं, मी स्वतः. ऑरिन तपासत नव्हता म्हणून मीच किटलीचा ताबा घेतला होता. त्या हळूच म्हणाल्या, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी उडून जातं आणि ते मागे राहतं. जितकं उकळावं तितकं ते दाट होतं.

तिच्या दुधाच्या बाटल्याही मीच भरत होते, मेरेते.

आता विकत आणलेलं पाणी वापरतो. पेज मला एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

आत्या

*

मिनिआपोलिस, २२ एप्रिल

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र जिन्यातच बसून वाचलं, दारापर्यंत गेले नाही. नंतर नकाशामागचे सगळे आकडे पुन्हा काढून बसले. सातशे चौकोन आहेत. त्यातल्या एकशे बारा ठिकाणचंच पाणी कुणीतरी तपासलं होतं. बाकीचे मी भरले. क्वामेबाईंना पडद्यांसाठी हवा असलेला तो निळा म्हणजे बहुतेक ठिकाणी काहीच माहीत नसण्याचा रंग होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रिकामी जागा दिसली की ती भरायला माझा हात शिवशिवतो. मला ती माझी कला वाटत होती. आता वाटतं, भीती असावी. कुणी येऊन विचारेल की इथे काय आहे, आणि मला सांगता येणार नाही, ही.

उकळण्याचं मनाला लावून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, तू ऐकणार नाहीस. पण एवढं ऐक. माझ्या पोस्टरवर पापण्यांना जागा होती, 'उकळू नका' या दोन शब्दांना नव्हती.

नवा नकाशा केला. जिथे माहीत नाही तिथे कोरा कागद. थेंब काढून टाकला, त्याच्या जागी उकळण्याबद्दल ठळक लिहिलं. कार्यालयातले साहेब म्हणाले, हे लावलं तर लोकांना वाटेल आम्ही वर्षभर झोपलो होतो. मी म्हटलं, नकाशा बरोबर वाचलात. ते छापणार नाहीत. मी बारा प्रती स्वतः छापल्या, एक तुला पाठवते. तुला वाटलं तर लाव, नाहीतर शेगडी आहेच.

पेजला मी निराळं पत्र लिहिलंय. तिने उत्तर द्यावं अशी अट नाही.

तुझीच,
मेरेते

*

नॉर्डाल, ५ मे

चि. मेरेतेस,
आत्याचे आशीर्वाद, यावेळी मोजून नव्हे.

तुझा नवा नकाशा कुरूप आहे. पास्टरबाईंनी तो लावला तेव्हा क्वामेबाई म्हणाल्या, पोरीचं काम अर्धवट राहिलेलं दिसतंय. मग लोक आपापलं घर शोधू लागले आणि एकेकाचं बोट कोऱ्या कागदावर जाऊन थांबू लागलं. कुणीतरी विचारलं की आमच्याकडे का नाही काही. ऑरिन म्हणाला, कारण आपण बाटली भरली नाही. त्याने खिशातून पेन काढलं आणि आपल्या चौकोनात एकतीस लिहिलं.

तरी बाया ऐकेनात. उकळण्याबद्दलच्या ठळक अक्षरांवर त्या चक्क हसल्या. क्वामेबाई म्हणाल्या, चार पिढ्या आपण उकळून पितोय, आता हे शहरातून आलेलं चित्र आपल्याला किटली शिकवणार. महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हणाले असते, तेही याहून जोरात. येत्या जूनमध्ये त्यांच्या सुनेला बाळ व्हायचंय.

मी ऑरिनच्या हातातून पेन घेतलं. तुझ्या ठळक अक्षरांच्या खाली लिहिलं, 'मी उकळलं होतं.' त्याखाली पूर्ण नाव लिहिलं, अल्व्हिना टोलेफ्सन. सिग्नेचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाणी कुणी उकळलं ते आजवर ठाऊक नव्हतं. क्वामेबाईंनी माझं नाव दोनदा वाचलं. मग विचारलं, बाटल्या कुठे मिळतात.

पेज दारात उभी होती. येऊन तिने सिग्नेला माझ्या हातांत दिलं आणि कोट घ्यायला गेली.

कळावे. तू ये.

तुझी आत्या,
अल्व्हिना