हर्सूल नाक्याची आडवाट

छ. संभाजीनगर, ८ नोव्हेंबर २०२५

चि. चारुतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र हातानंच लिहितोय. शेजारची मेघा फोटो काढून पाठवील. जगातल्या महाश्रीमंतांवर सगळ्या देशांनी मिळून कर बसवायचा, अशी बोलणी चाललीत म्हणे. वाचलं अन् छाती फुगली. तू लंडनला ‘करनियोजना’तच आहेस ना! गुलमंडीत चार जणांना सांगूनही आलो. सोळा तारखेला ज्येष्ठ नागरिक संघात माझं भाषण आहे: ‘माझी लेक आणि कुबेरांचा कर’. हसू नकोस. जन्मभर जकात नाक्यावर पावत्या फाडल्या, आता कुठं माईक मिळतोय. तुझी आई म्हणते, दोनच मुद्दे बोला. तू चार पाठव.

लोभ आहे, तो वाढू दे.

बाबा

लंडन, ११ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न.

बाबा, भाषण रद्द करा. करनियोजन म्हणजे कर बसवणं नव्हे हो, चुकवणं. तेही कायद्यात बसवून. हा करार झालाच, तर आमच्या अशिलांनी पैसा अन् पत्ता आधीच कुठं हलवावा, याचं टिपण माझ्याकडं आलंय. सोमवारी सही करून द्यायचंय. नाही दिलं तर नोकरी जाईल, तिच्यामागं व्हिसाही. तुम्हाला सांगायची लाज वाटली. रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची चारू

छ. संभाजीनगर, १६ नोव्हेंबर

चि. चारूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घास गोड लागेना. भाषण मात्र केलं. तुझ्यावर नाही, माझ्यावर. हर्सूल नाक्यावर असताना एका बड्या शेठच्या ट्रकांना मी तलावामागची आडवाट दाखवायचो. तिकडून शिरलं की जकात चुकायची. सायकलवर बांगड्यांच्या पेट्या आणणाऱ्या पुंजारामला मात्र रोज अडवायचो. हे तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. पहिल्याच रांगेत बसली होती बिचारी.

भाषणानंतर एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. पुंजारामच! म्हणाला, व्हय साहेब, ती वाट मलाबी ठावी होती, पण लई भ्या वाटायचं, आपल्यापायी साहेबाची नोकरी जाईल. म्हणून नाय गेलो.

मला मान वर करवेना. तू काय करावंस, हे सांगायचा हक्क मला नाही. त्यानं तुझी चौकशी केली, पोरगी काय करते म्हणून. विचारून सांगतो म्हटलंय.

बाबा

लंडन, १८ नोव्हेंबर

ती. बाबांस,

दोनदा पेन खाली ठेवलं. मग सही केली.

पुंजारामकाकांना खोटं सांगू नका. लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

चारू