आक्काची खिडकी

गुरुजी, तुमच्या टकलावर खडूची पूड पडायची आणि तुम्ही फळ्याकडे वळलात की आख्खा वर्ग तोंड दाबून हसायचा. पूड मीच उडवायचे. पण आज ते सांगायला बसले नाही. तुमची बहीण, आमची आक्का, तालुक्याला शिवणवर्गाला जायला निघाली होती आणि ऐनवेळी नाही म्हणाली. देवळातला पुजारी तिला काहीतरी टोचून बोलला असणार, असं तुम्ही धरून बसलात आणि त्या माणसाशी तुम्ही जाईपर्यंत बोलला नाहीत. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता, गुरुजी. मी होते ती.

इथे सिंगापूरला मुलाकडे येऊन मला चार वर्षं झाली. हे गेले आणि मुलगा म्हणाला, गावात एकटी काय करणार, चल. वुडलँड्सला बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. मुलगा आणि सून सकाळीच एमआरटीच्या रेल्वेने ऑफिसला पळतात, मग घरात मी आणि शाळेतून आली की नात. परवा तिला प्रोजेक्ट होता, जुन्या काळचा युरोप. मठ, साधू, चर्चची घंटा, सगळं कापून कापून चिकटवत होती. डिंक लावायचं काम माझ्याकडे. एक चित्र माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजी, सी धिस लेडी. चर्चच्या भिंतीत राहायची. डोअरच नाही. कान्ट कम आउट, लाह!" इथल्या पोरांच्या बोलण्यात शेवटी ते लाह असतंच. मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. आधी तिचं मेल्यावरचं सगळं करायचे, मग आत घालायचे." पोरगी बघतच राहिली. "हाऊ यू नो, आजी?" आता हिला काय सांगू, की आमच्या पत्र्याच्या शाळेत एक टकले गुरुजी होते!

तुम्ही म्हणाला होतात, परीक्षेला येणार नाही, तरी ऐका. तुम्ही खुर्चीवर मांडी घालून बसलात, तपकिरीची चिमूट ओढलीत आणि आम्ही सगळे तिकडेच, त्या जुन्या युरोपात गेलो. त्या वेळी तिथे देवाशिवाय पान हलत नव्हतं, जन्म, लग्न, नांगरणी, सगळं चर्चच्या घंटेवर. एखादी बाई म्हणायची, मला आता देवाचंच करायचंय. मग पाद्री यायचा, ती जिवंत असताना मेलेल्या माणसाच्या प्रार्थना तिच्यावर म्हणायचा आणि चर्चला लागून असलेल्या खोलीत तिला घालून दार बुजवायचे. एक खिडकी तेवढी ठेवायचे. लांबलांबची माणसं त्या खिडकीशी येऊन आपली दुःखं सांगायची. पुढे काळ पालटला, काही मुलखांत राजांनी मठच मोडले, त्या खोल्या ओस पडल्या. मी उभी राहून विचारलं, "गुरुजी, तिला मधेच बाहेर यावंसं वाटलं तर?" तुम्ही म्हणालात, "बाहेर येणं म्हणजे पाप, असं तिला शिकवलेलं होतं ना बाळ." आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. तेव्हा वाटलं, तास कधी संपतो ते बघताय. तिकडे तुमचं घर होतं, हे आता कळतं.

आक्का बाविसाव्या वर्षी कपाळ पुसून तुमच्याकडे आली, ती मागच्या खोलीतच. तिची खिडकी शाळेच्या बोळात उघडायची. मधल्या सुट्टीत आम्ही पोरी गजांशी लोंबकळायचो आणि ती आम्हाला तिखटमीठ लावलेली कैरी द्यायची. त्या आठवड्यात ती खुशीत होती. म्हणाली, "सोमवारी दादाबरोबर एसटीने जाणार. शिवण शिकून आले की पहिलं पोलकं तुझं." मी म्हटलं, "माझं नको, गुरुजींना टोपी शिव, टक्कल चमकतं." किती हसली ती!

आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मी खेळ काढला. बापाचं उपरणं अंगावर घेतलं, तांब्यात पाणी घेतलं, चार पोरी मागे, आणि आक्काच्या खिडकीशी जाऊन पाद्री झाले. तोंडाला येतील ते मंत्र म्हणत गजांतून आत पाणी शिंपडलं. "आता तू मेलीस. आता बाहेर यायचं नाही. बाहेर आलीस तर पाप!" आक्का आधी हसली. म्हणाली, "अगं कार्टे, हे कुठलं नवीन?" मी थांबले नाही. मग तिने हळूच खिडकी ओढून घेतली.

सोमवारी तुम्ही एकटेच एसटीच्या थांब्यावर उभे. वर्गात येऊन विचारलंत, "आक्काला कोणी काही बोललं का रे?" माझ्याकडे बघूनच विचारलंत. मी म्हटलं, "नाही गुरुजी." आक्काने माझं नाव कधी घेतलं नाही. त्या खोलीतच गेली ती, मी लग्न होऊन गेल्यावर तीन वर्षांनी.

गेल्या महिन्यात इथल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं, बुओना व्हिस्टाला एका कोंडोत, म्हणजे बड्या सोसायटीत. सून म्हणाली, "आई, तुम्ही पण चला, इथे कोणी असलं काही पाळत नाही." मी डोकं दुखतंय म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्यावर कोणी पाणी शिंपडलं नव्हतं, गुरुजी. माझी मीच गेले आत.

नातीला हे काही सांगितलं नाही. तुम्हाला तरी कुठे सांगतेय, पाकीट आणलंय पण त्याच्यावर लिहू काय? एवढं मात्र खरं लिहून ठेवते. मी तेव्हा लहान होते, मला काय कळत होतं, असं मी जन्मभर स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. खिडकी ओढताना आक्काच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं होतं. मागे पोरी हसत होत्या, म्हणून मी आणखी एकदा मंत्र म्हटला.