तीनशे चौऱ्याण्णव अंशांचा कुकर

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घ्या, माझी कंबर धरली आहे.) तुमचा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेता, की रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर या नात्याने बाटलीवरच्या मजकुरातल्या चुका काढत बसता? आम्ही तिघं, म्हणजे सासूबाई, तुमचे जावई आणि मी, बरे आहोत. कुकर मात्र चार दिवस गॅलरीत होता, तो आज सकाळी स्वयंपाकघरात परत आला. त्याचीच हकीकत सांगायला बसले आहे.

रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मला एकोणीस वर्षं झाली. आधी काचसामान धूत होते, आता सगळ्या चाचण्याही मीच करते. पण अहवालावर सही करायला पदवी लागते, आणि माझी पदवी ऊष्मागतिकीच्या एका पेपरात दोनदा अडकली, ती तिथेच आहे. त्यामुळे आकडे माझे आणि सही नव्या साहेबांची. साहेब भला माणूस, सही करताना दरवेळी ओशाळतो, आणि तेच मला जास्त लागतं. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक उघडलं.

सुरुवात रासायनिक समतोलापासून केली. समतोलात अभिक्रिया थांबलेली नसते, जेवढ्या वेगाने पुढे जाते तेवढ्याच वेगाने मागे येते, म्हणून वरून शांत दिसते. हे मी मोठ्याने पाठ करत होते, ते सासूबाईंनी ऐकलं. त्या म्हणाल्या, मी दिवसभर आवरते, माझा मुलगा दिवसभर कापडाच्या चिंध्या पसरतो आणि घर तीस वर्षं आहे तसंच आहे. एवढं शिकायला फी कशाला भरायची? (इतकं स्वच्छ उदाहरण मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. त्यांना मात्र सांगितलं नाही, डोक्यावर बसतील.)

मग आला बाष्पदाब. बंद भांड्यातला दाब वातावरणाच्या दुप्पट झाला तर पाणी किती तापमानाला उकळेल, असं गणित होतं. लॉगॅरिथम काढून काढून अर्धी वही भरली आणि उत्तर आलं तीनशे चौऱ्याण्णव. आनंदाच्या भरात मी जेवताना जाहीर केलं की आपल्या कुकरातलं पाणीसुद्धा साधारण तीनशे चौऱ्याण्णव अंशांना उकळतं. तुमच्या जावयांचा घास हातातच राहिला. त्यांच्या शिवणाच्या दुकानातली इस्त्री दोनशेलाच कापड जाळते. ते तसेच खरकट्या हाताने उठले, कुकर उचलला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. तेव्हापासून सगळं उघड्या पातेल्यात शिजत होतं, आणि सासूबाईंच्या कवळीला त्यातलं काही चावत नव्हतं.

पुस्तकात उत्तर होतं एकशे एकवीस. मी चौदा वेळा ताळा केला. शेवटी पुस्तकच चुकलं असं ठरवून प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहिलं. (टाकलं नाही. तिकीट नव्हतं.) काल तुमचे जावई काज करता करता माझ्या वहीत डोकावले. शाळेत असताना ते विज्ञानाच्या तासाला झोपत, हे त्यांनीच सांगितलेलं. ते म्हणाले, "टेप कुठल्या टोकापासून धरली होतीस?"

मी वही पुढ्यात ओढली. गणितातलं तापमान केल्विनमध्ये होतं, आणि केल्विनची टेप आपल्या सेल्सिअसपेक्षा वेगळ्या शून्यापासून धरतात. दोनशे त्र्याहत्तर वजा करायचे राहून गेले होते. वजा केले, तर बरोबर एकशे एकवीस. मामा, मला रडूच आलं, आणि ते आनंदाचं होतं. अख्खं गणित बरोबर होतं, फक्त शेवटची पायरी राहिली होती. दोनदा नापास झाल्यावर मी धरूनच चालले होते की हे आपल्या डोक्यात शिरायचं नाही. ते साफ खोटं निघालं. यंदा मी पास होणार.

तुमची भाची

ता. क. तुमची सोडवलेल्या गणितांची जुनी वही असेल तर पाठवून द्या.

ता. क. २. वही राहू द्या. वर पास होणार म्हणून लिहिलं खरं, पण परीक्षेचा फॉर्म अजून भरलेला नाही. तीनदा रांगेत उभी राहिले आणि खिडकीपाशी पोचल्यावर घरी परत आले. शुक्रवारी मुदत संपते. तुम्ही फक्त "भर" एवढंच लिहून पाठवा, मी भरीन.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की पत्र पोचायला चार दिवस, उत्तर यायला चार, आणि शुक्रवार तर परवाच. म्हणून आत्ताच जाऊन फॉर्म भरून आले. तरीही उत्तर पाठवाच. नापास झाले तर कोणाच्या सांगण्यावरून बसले होते, ते घरात दाखवायला लागेल.