कोऱ्या यंत्रातील जुनी उत्तरे

गंगापूर रोड, नाशिक
सोमवार, दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. आभा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे 'सौ.' लिहिलेले नाही. ते अनवधानाने राहिलेले नाही. येथील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी जे क्षेम आहे तेवढेच कळवतो. मालिनीआत्याच्या गुडघ्यांना या थंडीत आराम आहे. मी सध्या तिच्याकडेच राहतो. दातांच्या तक्रारीमुळे काही दिवस पातळ अन्नावर आहे. तुझ्या हाताचे प्लास्टर निघाले की बोटे पूर्ण मिटतात की नाही ते पाहून घे, आणि मिटत नसतील तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांग. तू दुखणे कमी करून सांगतेस.

तुझी चिठ्ठी नवसाबाईंनी आणून दिली. "पत्ता फक्त तुम्हाला माहीत होता, नाना. आणि तो आला." एवढीच दोन वाक्ये. मी जन्मभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. इतका नेटका युक्तिवाद उत्तरपत्रिकांत क्वचित पाहिला. विद्यार्थ्याने तो लिहिला असता तर मी आधी कौतुक केले असते आणि मग दोष दाखवला असता. येथे तेवढा अवकाश नाही, कारण त्या दोषावर तुझा जीव अवलंबून आहे. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुझा लॅपटॉप चालू असेल तर आधी तो बंद कर. पुढचे मग वाच.

तुझे म्हणणे मी मांडून पाहतो. इगतपुरीची खोली मी शोधून दिली. ती नवसाबाईंची, त्यांचे यजमान आमच्या महाविद्यालयात शिपाई होते, हे गौरांगला ठाऊक नव्हते. तरीही तो तेथे पोचला. म्हणून मीच सांगितले असले पाहिजे.

तो पोचल्यावर काय झाले हे नवसाबाईंनी मला त्याच दिवशी फोनवर सांगितले. त्याने तुला वेणीला धरून ओट्यावरून खाली ओढले, तुझा हात पाण्याच्या टाकीच्या कडेवर ठेवला आणि वर गुडघा दाबला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना चुलीपाशी ऐकू गेला.

"ओ मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्यो तुमचा पोरगा हाय का जनावर? उकळत्या पेजंचं भगुनं उपडं केलं म्या त्याच्या पाठीवर. पुन्हा आला तं इळा घेईन, आताच सांगून ठिवते. मंग म्हनू नका, सांगितलं नाय."

मी म्हटले, तुम्ही केलेत ते योग्यच केलेत.

"योग्य मला कळत नाय. तुमीच त्याला पत्ता दिला आसं पोरगी म्हनती. दिला का?"

नाही, असे मी सांगितले. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. आज त्या आल्या तेव्हाही तुझ्या नव्या जागेचे नाव मला सांगायला तयार नव्हत्या. मला त्याचा राग नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते.

आता दोष कोठे आहे ते पाहा. एखाद्या गोष्टीला कारण म्हणायचे तर ती असताना कार्य घडले एवढे पुरत नाही. ती नसताना ते घडत नाही, हेही दाखवावे लागते. इगतपुरीचा पत्ता मला माहीत होता आणि तो पोचला. परंतु तेथून तू हललीस, त्यानंतर कोठे गेलीस हे मला कोणी कळवले नाही. तरीही गेल्या आठवड्यातील शनिवारी दुपारी तुझी नवी जागा गौरांगच्या पडद्यावर होती, रस्त्याच्या वळणासकट. जे माझ्याकडे नव्हते ते मी देणार कसे? आता ते ठिकाण मलाही ठाऊक आहे, पण ते मला त्याच्या पडद्यावरून कळले. येथे त्याचे नाव लिहीत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तेथे राहू नकोस.

खरे कारण तुझ्या मांडीवर आहे. ते तू घरातून निघताना सोबत नेलेस.

गौरांगचा व्यवसाय तुला ठाऊक आहे. शाळा, पतसंस्था, क्लासेस यांना तो संगणक तयार करून देतो. प्रत्येक यंत्रापुढे बसून भाषा कोणती, नाव काय, ही परवानगी आहे का, ती आहे का, अशा प्रश्नांना उत्तरे देत बसणे परवडत नाही. म्हणून तो सगळी उत्तरे एका फाईलमध्ये आधीच लिहून ठेवतो. पेनड्राइव्ह लावला की यंत्र कोणाला काही विचारत नाही, सर्व आपोआप बसते. हे त्याने मला एकदा जेवताना मोठ्या हौसेने समजावले होते. "तुमच्या भाषेत सांगायचं तर नाना, यात पूर्वपक्षच नाही. डायरेक्ट सिद्धान्त." तू पोळ्या लाटत होतीस. हसून म्हणालीस, "विचारलंच नाही तर माणसानं नको कधी म्हणायचं?" त्यावर त्याने उठून तुझा तळहात तव्यावर दाबला. मी पोचून त्याचा हात सोडवीपर्यंत तो तसाच हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवसाबाईंना खोलीसाठी फोन केला.

त्या दिवशी अर्धवट राहिलेला भाग असा. अशा प्रत्येक यंत्रात एक वापरकर्ता असतो, ज्याच्या नावाने कोणी कधी काम करीत नाही. त्याला डिफॉल्ट म्हणतात. यंत्रावर कोणीही नवे खाते उघडले की ते या नमुन्याच्या नकलेतून जन्माला येते. नमुन्याला ज्या सवयी, त्या त्यालाही. तुझ्या लॅपटॉपच्या नमुन्यात गौरांगने एक सवय घालून ठेवली होती. यंत्र इंटरनेटला जोडले गेले की ते कोठे आहे हे त्याला कळवावे, आणि पडद्यावर त्याची खूण उमटू नये. तू जुने खाते काढून टाकलेस, नवे उघडलेस, पासवर्ड बदललास. नवे खातेही त्याच साच्यातले निघाले.

पुढे स्टेशनजवळच्या दुकानात तू ते पूर्ण कोरे करून घेतलेस, असे नवसाबाई सांगतात. दुकानदाराने फसवले नाही. त्याने खरोखरच रीसेट केले. परंतु रीसेट करताना यंत्र कोरेपणा कोठून आणते? स्वतःच्याच पोटात राखून ठेवलेल्या मूळ प्रतीतून. ती प्रत गौरांगने आधीच बदलली होती. यंत्र कोरे झाले, यात खोटे काही नाही. कोरे कशाला म्हणायचे, ते मात्र त्याने ठरवून ठेवले होते.

हे सर्व मला कसे कळले, हा प्रश्न तुला एव्हाना पडला असेल. तो टाळत मी येथवर आलो आहे.

शनिवारी दुपारी मी आतल्या खोलीत वाचत होतो. गौरांगने बाहेरून हाक मारली. "नाना, या, गंमत बघा. रीसेट मारून बसलीय. माझ्याच कॉपीवरून." तो फार खुशीत होता. खुर्ची ओढून त्याने मला शेजारी बसवले आणि वर लिहिलेले सारे एकेक पायरीने दाखवले. तो उत्तम शिक्षक झाला असता. मग तो न्हाणीघरात गेला आणि फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली घेऊन बाहेर आला. ती कापडात गुंडाळू लागला.

"हे कशासाठी?" मी विचारले.

"हात मोडून काय फरक पडला? लोक बाईचा हात बघतात का, नाना?"

मी दारात जाऊन उभा राहिलो.

"बाजूला व्हा."

"होणार नाही."

"तर्कशास्त्र नको हां आता. बाजूला व्हा म्हटलं ना."

दुसऱ्या हातात घेतलेल्या लॅपटॉपच्या चार्जरच्या ठोकळ्याने त्याने माझ्या जबड्यावर मारले. दातांची तक्रार म्हणून मी वर लिहिले, ती ही. ते तेथेच स्पष्ट लिहिता आले असते. पण तुला माझी दया यावी आणि त्या बळावर तू माझे म्हणणे मान्य करावेस, ही रीत मला मान्य नाही. माझे निर्दोषत्व वर, पडद्यावरच्या त्या ठिकाणाने सिद्ध झाले आहे. त्यात दातांचा संबंध नाही.

मी खाली पडलो. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तेथे वरवंटा लावलेला असतो. तो हाताला लागला. गौरांग मला ओलांडून जात असताना मी उठून त्याच्या उजव्या मनगटावर मारले. बाटली पडून फुटली. फरशीवर फेस आला, घरभर वास पसरला, त्याच्या पायाच्या बोटांची कातडी गेली. तो मनगट धरून भिंतीला टेकून बसला आणि "नाना, नाना" म्हणू लागला. लहानपणी सायकलवरून पडला की म्हणे, तसाच.

येथपर्यंतच्या कृतीला कायदा आणि नीती दोन्ही बचाव म्हणतील. त्यापुढची कृती तशी नाही. तो थांबला होता. मला विचार करायला वेळ होता, आणि मी विचार केला. मनगट मोडलेला माणूस डाव्या हाताने गाडी चालवू शकतो. दुसरी बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. गुडघा मोडलेला माणूस जिना उतरू शकत नाही. निष्कर्ष निघाल्यावर मी वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर मारला. वाटी फुटल्याचे मला हातात कळले. राग होता का, असे मालिनी विचारते. असता तर सांगायला सोपे गेले असते.

रुग्णालयात गौरांगने जिन्यावरून पडलो म्हणून सांगितले, आणि बोटांवर ॲसिड साफसफाई करताना सांडले म्हणून. बरगडी मोडली तेव्हा तूही याच डॉक्टरांना जिनाच सांगितला होतास. माझ्या सुजलेल्या जबड्याकडे पाहून ते म्हणाले, "काका, तुमच्या घरचा जिना एकदा पाडून टाका."

डॉक्टर गेल्यावर गौरांग म्हणाला, "तुम्ही गप्प, मी गप्प. पोलीस आले तर माझी सगळी मशीनं उघडतील. मग तुम्हीही आत, मीही आत. पाय बरा होईपर्यंत शांत राहू, नाना." थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणाला, "मारणं मी कुठून शिकलो ते कळलं ना आता?" या युक्तिवादात काळाचा दोष आहे. त्याच्यावर मी हा पहिल्यानेच उगारलेला हात. आधी घडलेल्याचे कारण नंतरचे असू शकत नाही. यंत्रासारखी माणसाची मूळ प्रत असते, हेही मला मान्य नाही. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "सांगा, सांगा. तेच येतं तुम्हाला."

'पाय बरा होईपर्यंत' हे त्याचे शब्द मी पुष्कळ तपासून पाहिले. त्यांचा एकच अर्थ निघतो. मी गप्प राहिलो तर माझे म्हातारपण घरी जाईल आणि तुझे आयुष्य त्याच्या गुडघ्यावर मोजले जाईल. ही देवघेव मी नाकारली आहे. आज येथून मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. दोन्ही घाव वेगवेगळे सांगणार आहे, कारण पहिला खरा मानायचा असेल तर दुसरा लपवता येत नाही. घराला कुलूप आहे. त्याच्या यंत्राला मी हात लावलेला नाही. ते जसे होते तसे पोलिसांनी पाहावे.

मालिनी सकाळपासून रडते आहे. "वेणू, या वयात तुरुंगात जाऊन बसणार? म्हण ना, झटापटीत लागलं. कोण विचारतंय तुला दुसरं?" मी म्हटले, मला कोणी विचारणार नाही, हे खरे आहे. ती म्हणाली, "मेल्या, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिने माझी औषधे पिशवीत भरून ठेवली आहेत.

तू करायचे ते असे. लॅपटॉप फेकू नकोस, पुन्हा रीसेट करू नकोस, चालू करून खात्री करण्याचा मोह धरू नकोस. आधी जागा बदल. मग तो बंद स्थितीत जवळच्या ठाण्यात दे आणि पोच घे. तुझा फोन त्याला कधी जोडला असशील तर तोही दे. तुझा जबाब घेतील तेव्हा तव्यापासून सुरुवात कर, किंवा त्याच्याही आधीपासून. काही वगळू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नाही. मी हे तुला वाचवण्यासाठी केले का, असे विचारले तर तू तेथे नव्हतीस, एवढेच सांग. तेच खरे आहे. माझ्या उपकाराचे ओझे तुझ्या साक्षीत नको. विरुद्ध बाजूचा वकील नेमके तेथे बोट ठेवील.

नवसाबाई बाहेरून म्हणताहेत, "मास्तर, किती लिवता? माजी गाडी जाईल." त्यांच्याच हाती हे देतो.

एक गोष्ट राहिली. ती कोणत्याही युक्तिवादात बसत नाही, म्हणून शेवटी लिहितो. गौरांगचा उजवा हात चालत नाही आणि डाव्याने खाण्याची त्याला सवय नाही. मी रोज दुपारी रुग्णालयात जाऊन त्याला चमच्याने भरवतो. तो तोंड उघडतो, मी घास घालतो, सांडले तर पुसतो. आजही वरणभात भरवून मगच लिहायला बसलो. मी कोठे निघालो आहे हे त्याला सांगितले नाही. तो जेवत होता.

तुझ्यावर आरोप करणारा नव्हे, तुझा उपकारकर्ता तर नव्हेच,
गौरांगचा बाप,
वेणीमाधव