आणि आमचे चिरंजीव?

गुरुजी, गेल्या महिन्यात तुमचा मुलगा माझ्या टेबलासमोर बसला होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

दिव्यांगांच्या राखीव जागेवर मला नोकरी लागली, तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्याकडेच निघाले होते. तुम्ही सेनगावच्या स्टँडवरच भेटलात. पेढा तोंडात टाकून भरल्या जीपसमोर म्हणालात, "पोरी, तुला पायानं नोकरी लागली, डोक्यानं न्हाई. तेवढा पाय जपून ठेव." सगळी जीप हसली. पोलिओचा पाय ओढत उभी असलेली मीही हसले. ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही.

आता हिंगोलीच्या कार्यालयात राखीव जागांच्या उमेदवारांची कागदपत्रं मीच तपासते. या भरतीत कर्णबधिरांसाठी एकच जागा होती आणि निवड यादीत पहिला तुमचा मुलगा. खुल्या जागेचं वय उलटलं आणि त्याला ऐकू येईनासं झालं. त्याच्या खालोखाल डोंगरकड्याची एक मुलगी, जन्मापासून बहिरी. आईला धरून बाहेर बाकावर बसलेली.

साहेब ओरडून विचारतात, तो कानाला हात लावून मान हलवतो. प्रमाणपत्र बराबर, शिक्का बराबर. फाइल काढायला मी कपाटाकडे वळते आणि तुमची हजेरी आठवते. वर्गाकडे पाठ करून, फळ्यावर लिहिता लिहिता तुम्ही नावं घ्यायचात. उत्तराला उशीर झाला की छडी. सगळ्यांत शेवटी, मान न वळवता, स्वतःच्या मुलाला पुकारायचात. मी कपाटात तोंड घालून, तुमच्यासारखंच नाकातून, हळू म्हणते, "आणि आमचे चिरंजीव?"

"हजर, गुर्जी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काहून हो, ऐकू येऊन राहिलं की तुमाला." फेरतपासणीचा शेरा त्यांनी तिथंच मारला.

जिन्यात त्यानं मला गाठलं. "एका वर्गातले आपण. काहून तकलीफ दिलीस?"

"कान जपून ठेव," मी म्हणाले.

फेरतपासणीला तो गेलाच नाही. जागा त्या मुलीला मिळाली. तिची आई माझ्या पाया पडायला वाकली, ऑफिसात कौतुक झालं, आणि घरी मी सांगितलं की त्या लेकरासाठी केलं. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते, गुरुजी. कपाटाकडे वळले तेव्हा ती मुलगी माझ्या मनातसुद्धा नव्हती.